हेद्विकाला पिल्लं तपकिरी झाली

लुबोर झावादिलने एका रविवारी हिनेकला फोन करून एवढंच म्हटलं, "तुझ्या बारोनला घेऊन ये जरा. दोघांना शेजारी शेजारी ठेवून रंग तरी बघू." बस्स, एवढंच. पण एवढ्याशा वाक्यातून पुढे जे महाभारत घडलं त्यात एक मेहुणा रुसला, एका पियानोचा मुक्काम हलला, आणि ब्रनोतल्या एका सलूनमधल्या बायका एका सापाच्या चारित्र्यावरून आपापसांत भांडल्या. रविवारी दुपारी माणसाने डुकराचं मांस, कोबी आणि क्नेडलिक, म्हणजे कणकेचे उकडलेले गोळे, हाणून गप पडून राहावं, असं आमच्याकडचे म्हातारे उगाच सांगत नाहीत.

लुबोर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. माणूस सरळ, पण छंदांचा नाद वाईट. आधी कॅनरी पाळल्या, त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी अडवली. मग मासे आले, त्यांनी बायकोचं शिवणयंत्र हुसकावलं. शेवटी हेद्विका आली आणि तिने हॉलच गिळला. हेद्विका म्हणजे बोआ. अजगराच्या थाटाचा, बिनविषारी, जाडजूड, दिवसभर लोळणारा साप. (लोळण्याच्या बाबतीत तिचं आणि लुबोरचं छान जुळायचं.) तिची काचेची पेटी ठेवायला जागा हवी म्हणून बायकोच्या आईचा पियानो हॉलमधून उचलून बोळात गेला. तेव्हापासून त्या घरात येणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला त्या पियानोचा कोपरा एकदा तरी लागलाच आहे. माझ्याही.

बोआ मुळात तपकिरी. पण हौशी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून जोड्या लावल्या आणि त्याचे नाना रंग काढले. कुणी लालबुंद, कुणी राखाडी, कुणी पट्ट्यांचा, कुणी बिनपट्ट्यांचा. या रंगरूपांना ती मंडळी मॉर्फ म्हणतात आणि त्यांवरून सख्खे भाऊ शेतावरून भांडतात तशी भांडतात. हेद्विका होती अल्बिनो. अंगात काळा रंग औषधालाही नाही, सगळी पिवळी-केशरी, डोळे लालसर. हिनेकचा बारोनही अल्बिनो. हिनेक चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा, त्यामुळे रंगाच्या बाबतीत आपला शब्द शेवटचा, अशी त्याची पक्की समजूत होती.

तर त्या रविवारी हिनेक आला. दारात बूट काढले, पाहुण्यांच्या फुलाफुलांच्या सपाता घातल्या, पियानोच्या कोपऱ्याचा टोला खाल्ला आणि कमर चोळत हॉलमध्ये येऊन त्याने पिशवीतून बारोनला बाहेर काढलं. लुबोरने टेबलावर पांढरा टेबलक्लॉथ अंथरला. (तो मिलाडाचा नाताळचा होता. मिलाडा म्हणजे लुबोरची बायको. ती तेव्हा घरात नव्हती, म्हणून तर तो टेबलावर आला.) त्यावर दोघांना ठेवलं आणि वधूवर परीक्षा सुरू झाली.

"तुझीचा पिवळा जरा कावीळ झाल्यासारखा वाटत नाही?" हिनेकने चष्मा पुसत विचारलं.

"आणि तुझा? उकडून फुटलेल्या सॉसेजसारखा दिसतोय."

"लेका, हा गुलाबी आहे, गुलाबी. असा गुलाबी बघायला लोक परदेशातून येतात."

"कोण आलंय आजवर?"

"यायचे असते तर आले असते."

मग दोघांना खिडकीत नेलं. मग न्हाणीघरातल्या दिव्याखाली. मग लुबोरने फ्रिजमधून जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी काढून हेद्विकाच्या पाठीला लावून दाखवली, की बघ, हुबेहूब हा रंग. हिनेकने त्याच फ्रिजमधून हॅम काढून बारोनला लावलं. तेवढ्यात मिलाडा आली. तिने टेबलक्लॉथ पाहिला, बरणी पाहिली, हॅम पाहिलं, आणि पर्स खाली न ठेवताच म्हणाली, "आज रात्री तुम्ही दोघं काय जेवणार आहात ते मला माहीत नाही. मी आईकडे जेवते."

मांडीला मांडी लावून दोघांनी असे तीन-चार रविवार घालवले. डोक्यापासून शेपटीपर्यंत एकेक ठिपका जोखला. शेवटी कुणाचा रंग सरस याचा निकाल लागेना, तेव्हा दोन भांडखोर विहिणींनी अचानक गळ्यात गळे घालावेत तसं झालं. स्लिवोवित्सेचा, म्हणजे आलुबुखाराच्या दारूचा, दुसरा ग्लास पोटात गेल्यावर हिनेक म्हणाला, "भांडतोय कशाला? स्थळ घरचं आहे. लावून टाकू."

लुबोरच्या डोळ्यांत पाणीच आलं. बाप अल्बिनो, आई अल्बिनो, म्हणजे पोरं झाडून सगळी अल्बिनो. मुरंबा अधिक हॅम. यात चूक व्हायला जागाच कुठे होती?

हिवाळा लागला आणि बारोन घरजावई म्हणून झावादिलांच्या हॉलमध्ये राहायला आला. लुबोर चोरपावलांनी चालू लागला, टीव्हीचा आवाज बंद करून फुटबॉल बघू लागला. मिलाडाने एक दिवस व्हॅक्यूम क्लीनर लावला तर तो प्लग काढून म्हणाला, "जरा समजून घे ना. नवीन जोडपं आहे."

"आपण नवीन होतो तेव्हा तुझी आई सकाळी सहाला गालिचे बडवायची," मिलाडा म्हणाली. "आपल्याला कुणी समजून घेतलं?"

मिलाडा केस कापायची. गल्लीच्या तोंडाशी तिचं स्वतःचं छोटं सलून होतं आणि तिच्या हाताखालून गेली नाही अशी बाई त्या भागात नव्हती. नवऱ्याचे कॅनरीपासूनचे सगळे वायदे तिने ऐकले होते. कॅनरी गाणार होत्या, त्या चावल्या. मासे स्पर्धा जिंकणार होते, त्यांनी एकमेकांना खाल्लं. आता लुबोर साप पाळणाऱ्यांच्या क्लबात, म्हणजे एका बिअरच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, सांगून मोकळा झाला होता की उन्हाळ्याच्या प्रदर्शनात मधलं टेबल आमच्यासाठी ठेवा, सोन्याचा ढीग घेऊन येतोय. अध्यक्षांनी ठेवलंही. हे कानावर आलं तेव्हा मिलाडाने कात्री खाली ठेवली.

"ऐक लुबोर. या खेपेला तू म्हणतोस तसं झालं, तर हेद्विका इथे जन्मभर राहू दे, मी चकार शब्द काढणार नाही. पण पिल्लं सोन्याची झाली नाहीत, तर हेद्विका जिथून आणलीस तिथे ओस्त्रावाला परत जाईल आणि आईचा पियानो हॉलमध्ये येईल. कबूल?"

"अगं कबूल. त्यात काय?" लुबोर म्हणाला. असं बिनधास्त 'कबूल' तो लग्नातही म्हणाला नव्हता.

पण बोलून गेल्यावर तो भानावर आला. हेद्विकावर त्याचा खरोखर जीव होता. कचेरीत दिवसभर लोक पाण्याच्या बिलावरून ओरडायचे. घरी येऊन तो तिच्या काचेपुढे बसायचा आणि ती काही म्हणायची नाही. जगात त्याला काही न म्हणणारी ती एकटीच होती.

जूनमध्ये एका सकाळी लुबोर दात घासत हॉलमध्ये आला आणि ब्रश तोंडातच राहिला. बोआ अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो. हेद्विका कोपऱ्यात दमून पडली होती आणि पेटीभर पिल्लं वळवळत होती. धट्टीकट्टी, चपळ, देखणी. आणि एकजात तपकिरी. लुबोरने दिवा लावला. मग दिवा बदलला. मग एक पिल्लू उचलून बेसिनपाशी नेलं आणि नळाखाली धुऊन पाहिलं. ते आणखीच तपकिरी दिसू लागलं.

हिनेक अर्ध्या तासात आला. या खेपेला त्याने सपाता घातल्या नाहीत, मोज्यांवरच आत शिरला. बराच वेळ काचेला नाक लावून बसला, मग सावकाश उठला.

"लुबोर, आपण जुने मित्र आहोत."

"आहोत."

"मग मला खरं सांग. माझ्या बारोनच्या आधी ती कुणाबरोबर होती?"

"तोंड सांभाळून बोल हिनेक. ती माझ्या घरातून बाहेर पडलेली नाही."

"बोआची मादी नराचं बीज महिनोन्‌महिने पोटात जपून ठेवते, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. ही बारोनची पोरं नाहीत. एकाच्या तरी अंगावर गुलाबी ठिपका दाखव."

"कशावरून तुझा बारोनच नकली नाही?"

"नकली? मग त्याला काय मी रंग लावून आणला?"

"तू चष्मेवाला. तुझा काय भरवसा?"

हिनेक निघून गेला आणि जाताना पियानोचा कोपरा लागल्यामुळे त्याचा ताठा दारापर्यंत टिकला नाही. पण लुबोरच्या डोक्यात किडा सोडून गेला. हेद्विका कधीच बाहेर गेली नव्हती, हे तितकंसं खरं नव्हतं. गेल्या ऑगस्टमध्ये झावादिल नवराबायको क्रोएशियाला समुद्रावर गेले होते (आमच्याकडचं सगळं गाव ऑगस्टमध्ये तिथेच असतं, शेजारी टाळायला गेलो तरी शेजारीच भेटतात) तेव्हा हेद्विका दोन आठवडे मिलाडाच्या भावाकडे होती. आणि त्या एव्झेनकडे एक बोआ होता. ब्रूटो. तपकिरी.

लुबोरने कोट घातला, मुलीच्या बापाचा चेहरा केला आणि मेहुण्याच्या घरी जाऊन उभा राहिला.

"एव्झेन, आमची पोर तुझ्या घरी विश्वासाने ठेवली होती."

"कुठली पोर? तुम्हाला पोरं कधी झाली?"

"हेद्विका. त्या दोन आठवड्यांत तुझा ब्रूटो तिच्या पेटीत गेला होता का, एवढंच सांग. मी रागावणार नाही."

"रागावणार नाहीस तर नाक का फुगलंय?"

"गेला होता की नाही?"

एव्झेनने दार लावून घेतलं, आवाज खाली आणला. "एक दिवस पेटी धुताना ठेवलं होतं एकत्र. पण त्याने काही होत नाही."

"न व्हायला काय झालं? नर आहे ना तो?"

"नाही," एव्झेन म्हणाला. "मागच्या महिन्यात डॉक्टरांनी तपासलं. ब्रूटो बाई आहे. सात वर्षं मी तिला ब्रूटो म्हणतोय आणि बिअर पिताना तिच्या मर्दानगीच्या गोष्टी सांगतोय. हे जर तू कुणाजवळ बोललास तर आपलं नातं संपलं. आणि माझ्या घरात येऊन माझ्या जनावरावर असले आळ घेतलेस म्हणून ते तसंही संपलंय. रविवारी जेवायला येणार नाही, सांग ताईला."

ताईला सांगावं लागलंच. भाऊ जेवायला का येत नाही, म्हटल्यावर ब्रूटोचं गुपित तेवढं सोडून सगळं बाहेर आलं आणि दुसऱ्या दिवशी ते सलूनमध्ये पसरलं. केसांना रंग लावून बसलेल्या बायकांना आयता विषय मिळाला. निम्म्या बायका म्हणाल्या, पोरगी हाताबाहेर गेली, दोन आठवडे परक्या घरी ठेवल्यावर दुसरं काय होणार. उरलेल्या निम्म्या उखडल्या. पुरुषांचं काही बिनसलं की आधी बाईवर संशय, म्हणाल्या. एक तर अर्धवट कापलेल्या केसांनी उठून गेली.

इकडे लुबोरचा जीव टांगणीला लागला होता. शर्त ठरली होती आणि मिलाडा शब्दाची पक्की. पिल्लांच्या प्लास्टिकच्या डब्या ठेवायला घरात सपाट जागा एकच उरली होती, ती म्हणजे पियानोची पाठ. येता जाता मिलाडाला तिथून जावं लागे. पहिल्या दिवशी ती नाक मुरडून गेली. दुसऱ्या दिवशी थांबली. तिसऱ्या दिवशी लुबोरला ती डबीत डोकावून काहीतरी पुटपुटताना दिसली, पण तो इतका खचला होता की त्याने तिकडे लक्षच दिलं नाही.

"ओस्त्रावाला फोन कर," शनिवारी सकाळी ती म्हणाली. "हेद्विकाला घ्यायला कधी येतायत विचार. कबूल म्हणजे कबूल."

लुबोरने काचेकडे पाहिलं. हेद्विका निवांत पडली होती, तिला काय ठाऊक. त्याने काचेकडे पाठ केली आणि वोंद्रांना फोन लावला. वोंद्रा म्हणजे ज्यांच्याकडून त्याने तिला आणलं ते ओस्त्रावाचे म्हातारे. अंगावर साप खेळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. लुबोरने सगळी हकीकत सांगितली, तर पलीकडून बराच वेळ नुसता खोकल्यासारखा आवाज आला. म्हातारा हसत होता.

"अरे बाबा, तुम्ही ती कुणाबरोबर लावलीत? त्या बारोनचं घराणं कुठलं?"

"घराणं म्हणजे? अल्बिनो आहे की."

"अल्बिनोंची घराणी वेगवेगळी असतात, झावादिल. हेद्विकाचं वेगळं, तुमच्या मित्राच्या नराचं वेगळं असणार. वरून सारखीच दिसतात, आतलं दुखणं वेगळं. असं समजा, एका घरात मीठ नाही, दुसऱ्या घरात तिखट नाही. दोन्ही घरी जेवण अळणी, बेचव. पण त्यांची पोरं या घरातून तिखट घेतात, त्या घरातून मीठ घेतात आणि झकास स्वयंपाक करतात. म्हणून सगळी साधी, तपकिरी. पण दोन्ही घराण्यांचं सोनं त्यांच्या पोटात आहे बरं का, फक्त बाहेर दिसत नाही. जोडी लावण्याआधी घराणं विचारायचं असतं. शाळेतलं पोरगंसुद्धा विचारतं."

लुबोरने फोन ठेवला. मग त्याच्या लक्षात आलं की इतके रविवार मुरंबा आणि हॅम लावून रंग बघितले, पण घराणं ना त्याने विचारलं ना हिनेकने. लुबोरला वाटलं होतं, विचारलं तर हिनेक म्हणेल याला एवढंही कळत नाही. बोलावून घेतल्यावर तासाभराने हिनेक आला तेव्हा कळलं की हिनेकलाही नेमकं तेच वाटलं होतं. बारोनच्या घराण्याचं नाव त्याने खाली मान घालून सांगितलं. ते अर्थातच दुसरं होतं.

दोघं स्वयंपाकघरात बसले. स्लिवोवित्से निघाली.

"म्हणजे हेद्विका निर्दोष," लुबोर म्हणाला.

"हो. पण लुबोर, आता क्लबात काय सांगायचं? अध्यक्षांनी मधलं टेबल दिलंय. आपण दोघं तिथले जाणकार म्हणवतो. हे असलं कळलं तर लोक पोट धरून हसतील."

"हसतील."

हिनेकने ग्लास फिरवला. "म्हणजे मी काय म्हणतो, ती ब्रूटोची भानगड लोकांच्या कानावर गेलेलीच आहे. ती तशीच राहू दिली तर? हेद्विकाचा पाय घसरला, म्हणायचं. तिला कुठे क्लबात तोंड दाखवायचंय? आपल्याला दाखवायचंय."

लुबोरने निषेध करायला तोंड उघडलं. (मी त्याला बरीच वर्षं ओळखतो, त्याने नक्की निषेधच केला असता, असं मी अजूनही मानतो.) पण त्याच्या तोंडून निघालं ते असं, "पण एव्झेन खवळेल. ब्रूटो बाई आहे."

"ब्रूटो बाई आहे?" दारातून मिलाडाचा आवाज आला.

ती किती वेळ उभी होती देव जाणे. आत आली, बाटली उचलली, टोपण लावून कपाटात ठेवली.

"लाजा नाही वाटत? दोन घोडे, तिन्ही त्रिकाळ साप साप करता, एक साधा प्रश्न विचारता आला नाही, आणि आता स्वतःची अक्कल झाकायला त्या मुक्या पोरीच्या नावाला डाग लावता? आणि माझ्या भावालाही त्यात ओढता?"

"अगं, मी अजून हो म्हणालो नव्हतो," लुबोर म्हणाला.

"नाही कुठे म्हणालास?"

त्या दुपारी मिलाडाने सलून उघडलं. शनिवारी दुपारी ती कधी उघडत नसे. क्लबाच्या अध्यक्षांच्या बायकोला तिने स्वतः फोन करून बोलावलं आणि फुकटात केस सेट करून दिले. संध्याकाळपर्यंत मीठ-तिखटाची गोष्ट अख्ख्या ब्रनोत झाली होती. हेद्विकाच्या बाजूच्या बायकांनी केक आणून जल्लोष केला. प्रदर्शनात लुबोर आणि हिनेकला टेबल मिळालं, पण ते संडासाच्या दाराशी, आणि आत जाणारा प्रत्येक माणूस जाता जाता विचारायचा, "काय झावादिल, मीठ मिळालं का?" एव्झेन मात्र रविवारी जेवायला आला. ब्रूटोचं नाव आता ब्रिगिता ठेवलंय, असं त्याने सूपच्या वेळीच जाहीर करून टाकलं.

आणि हेद्विका? तिचं काय करायचं हे विचारायची लुबोरची छाती होईना. शेवटी मिलाडाच म्हणाली, "ती कुठे जात नाही. जिच्यावर घरच्याच माणसांनी आळ घेतला तिला घरातून काढली तर लोक मला काय म्हणतील?" लुबोरला तिचे हात हातात घ्यावेसे वाटले. तेवढ्यात तिने पुढचं सांगितलं. पियानोही हॉलमध्ये येणार, कारण शर्त म्हणजे शर्त. हॉल काही रबराचा नव्हता. तेव्हा लुबोरची आरामखुर्ची बाल्कनीत गेली आणि तो फुटबॉल आता काचेबाहेरून बघतो. पाऊस आला की छत्री धरतो.

पिल्लं एकेक करत चांगल्या घरी गेली. एक मात्र मिलाडाने ठेवून घेतलं. लुबोरला वाटलं ती सगळ्यात उठावदार नक्षीचं ठेवेल, पण तिने नेमकं ते निवडलं ज्याच्याकडे दुसऱ्यांदा कुणी बघितलं नसतं. मध्यम लांबीचं, मध्यम तपकिरी, कोपऱ्यात पडून असायचं.

"याचं नाव काय ठेवलंस?" एका रविवारी हिनेकने विचारलं.

"लुबोर."

"का गं?"

"वोंद्रा म्हणाले ना, पोटात दोन्ही घराण्यांचं सोनं आहे, फक्त बाहेर काहीच दिसत नाही. असा एक मी लग्नापासून सांभाळतेय. म्हटलं, आणखी एक असू दे जोडीला. कुणाचं तरी सोनं बाहेर येईल."

तेव्हापासून त्या घरात रोज संध्याकाळी एक हाक ऐकू येते. "लुबोर, माझ्या राजा, भूक लागली का रे?" इतक्या लाडाची की शेजाऱ्यांनाही हेवा वाटावा. सुरुवातीला लुबोर झावादिल खुर्चीतून उठून धावत यायचा. आता येत नाही. दोनदा त्याच्यापुढे उंदीर आला होता.